आईचं ‘चालते’

आई माझ्याशी आयुष्यभर खोटं बोलत आली, हे मला एका इंग्रज मोलकरणीनं सांगितलं. तीही खरी मोलकरीण नव्हे, मालिकेतली.

जुन्या ब्रिटिश मालिकांचं मला वेड आहे. घोडागाड्या, पायघोळ झगे आणि मुख्य म्हणजे आवाज न चढवणारी माणसं. आपल्याकडच्या मालिकांत सासू एकदा मान वळवते आणि कॅमेरा ती तीनदा दाखवतो. माझं डोकं फिरतं. त्या जुन्या नट्या नुसता हातमोजा काढतात आणि आपल्याला सगळं कळतं. भोपाळच्या शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे अभिनयातलं आपल्याला फार कळतं असाही एक तोरा मला होता.

गेल्या हिवाळ्यात मी पांढुर्ण्याच्या आमच्या घरी आले ती आईला कायमचं भोपाळला न्यायला. बाबा गेल्यापासून ती एकटीच. दिवाळीत तिला विचारलं तेव्हा ‘चालते’, म्हणजे आमच्याकडचं ‘चालेल’, म्हणाली होती. झालं, मी घर आवरायला घेतलं. दुपारी सामान बांधून दमले की लॅपटॉपवर एखादा भाग लावायचे. आई शेजारी संत्री सोलत बसायची. तिला इंग्रजी येत नाही. मी सांगत जायचे.

त्या दिवशीच्या भागात मालक म्हाताऱ्या मोलकरणीला म्हणतो, आम्ही हा बंगला बंद करतोय, तू माझ्या बहिणीकडे जा. ती म्हणते, माझी काही हरकत नाही. मी आईला सांगितलं, “चालते म्हणून राहिली.”

“नाही चालत तिले,” आई म्हणाली. “हात पाह्य तिचे.”

मी भाग मागे नेला. मोलकरीण हसत होती, आणि तिचा हात टेबलावरच्या कापडाचा एकच कोपरा सारखा सरळ करत होता. तो आधीच सरळ होता. हा भाग मी तीनदा तरी पाहिला असेल. मैत्रिणींपुढे त्या नटीच्या डोळ्यांचं कौतुक केलं होतं. हात मला दिसलेच नव्हते.

“तुले कसं दिसलं?”

“मी बी असंच म्हटलं होतं ना तुह्या बाबाले.”

छप्पन साली प्रांत फुटला तेव्हाची ही गोष्ट. नागपूर-अमरावती मुंबई राज्यात गेलं, आमचा भाग मध्य प्रदेशात राहिला. बाबा इथून जवळच, सौंसरच्या तहसिलीत कारकून. नोकरी कुठल्या बाजूला हवी ते त्यांना लिहून द्यायचं होतं. “तुझ्या आईनंच इथं राहायचं ठरवलं,” हे बाबांचं वाक्य ऐकत मी मोठी झाले. वर्गातल्या मुलींनाही ते अभिमानानं सांगितलंय मी. त्या काळातही आमच्या घरी बाईचा शब्द चालायचा!

“मले जायचं होतं,” आई म्हणाली. “अमरावतीले. माय होती तिकडं, मॅट्रिक राह्यली होती माही. कणीक भिजवून राहिली होती, तर हे म्हणाले, इथंच राहू का? मी म्हटलं, चालते. अन् पाणी ओततच राहिली. कणकीचा पार लगदा झाला.”

“मग?”

“मग काय? धिरडे केले. हे म्हणाले, आज पोळ्या काहून नाही केल्या?”

ती हसली. मी हादरले होते. ज्या गोष्टीचा मी जन्मभर झेंडा मिरवला, ती म्हणजे एक बिघडलेली कणीक होती. बाबांचा भयंकर राग आला, आणि तो पुरता यायच्या आतच दिवाळी आठवली. दिवाळीत मी भोपाळचं विचारलं तेव्हा आईचे हात काय करत होते? आठवून आठवून पाहिलं. मला ठाऊकच नव्हतं. मी तेव्हा मोबाइलवर गाड्यांच्या वेळा बघत होते.

“आई, भोपाळले येतेस ना?” मी पुन्हा विचारलं.

“चालते ना,” ती म्हणाली.

या वेळी मी पाहिलं. संत्र्याची एकच फोड, केव्हाच साफ झालेली, ती नखानं खरवडत होती. रस मनगटावरून लुगड्यावर ओघळत होता, आणि चेहरा हसरा.

मी ती फोड तिच्या हातातून काढून घेतली. “नाही चालत तुले,” मी म्हणाले.

आईनं हात पदराला पुसले.

“तर मग ते भांड्यांचं पोतं सोड आधी,” ती म्हणाली. “तवा त्यात गेला माहा.”