तिसऱ्या सिलिंडरचा ठोका

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. तरी या सदरात माझ्याविषयी दोन किस्से छापून आले आणि ते लिहिणाऱ्यांपैकी एकही त्या दिवशी तिथे हजर नव्हता, म्हणून या थकलेल्या हाताने पुन्हा लिहिणे आले... एकाच्या मते, माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या मोटारीला तिच्या जुन्या मालकाने झपाटले होते. तिला जुना मालक नव्हताच. दुसऱ्याच्या मते इंजिनाच्या झडपेचे टॅपेट सैल असावे आणि मिस्त्रीला, म्हणजे मला, ते कळले नसावे. टॅपेटची टकटक आणि कनेक्टिंग रॉडचा ठोका यांतला फरक मला झोपेतही कळत असे.

लढाईचा काळ होता. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात, पेट्रोल कुपनावर मिळे. अमरावतीत बडनेरा रस्त्यावर माझा मोटारदुरुस्तीचा कारखाना होता. अकोल्याचे एक मोठे शेतकरी, त्यांना भाऊसाहेब म्हणू, दहा वर्षांपूर्वी नवी घेतलेली आपली मोटार घेऊन आले. चालवायला त्यांचा ड्रायव्हर शेषराव. इंजिनातून जड आवाज येत होता — ठक्, ठक्.

"यानं मले न इचारता गाडी कौंडण्यपूरच्या जत्रेले नेली," भाऊसाहेब म्हणाले. "तेल न टाकता पळवली असन. बेअरिंग जळली असन तं याची नोकरी आजच गेली."

"तेल भरूनच नेली, मालक," शेषराव म्हणाला. "मिस्त्री, तुमीच खोलून पाहा."

आमची रीत अशी — इंजिन चालू ठेवून एकेका प्लगला पेचकस टेकवून त्याची ठिणगी बंद पाडायची. ज्या सिलिंडरला ठोका मंदावेल, दोष तिथे. तिसऱ्याला तो मंदावला. मग सागाचा दांडा इंजिनाला टेकवून दुसरे टोक कानामागच्या हाडाला लावले. शंकाच उरली नाही. "तिसऱ्याच्या रॉडची बेअरिंग गेली," मी जाहीर केले.

खालचे तेलाचे भांडे उतरवले. बेअरिंग शाबूत! धातू चकचकीत, तसूभरही ढिलाई नाही. चारही तपासल्या, पुन्हा बसवल्या, इंजिन चालू केले. दांडा पुन्हा लावला, ठोका तसाच. बंद केले, दांडा मात्र कानालाच होता...

इंजिन पूर्ण स्तब्ध, आणि दांड्यातून ठक्, ठक्.

दांडा शेषरावकडे दिला. तो पुटपुटला, "मिस्त्री, हे थांबलं नाही अजून." भाऊसाहेबांनी कान लावला, त्यांना काही ऐकू आले नाही.

"बेअरिंग चांगली आहे, म्हणजे तेल होतं," मी म्हणालो.

"मंग चालू असताना आवाज कायचा?"

"मला ठाऊक नाही."

"तुमाले ठाऊक नाही, म्हणजे यानंच काईतरी करून ठेवलं. चाल, किल्ली ठेव."

किल्ली ठेवून शेषराव माझ्यापाशी आला. "एखाद्या पुर्ज्याचं नाव सांगून देलं असतं, तं तुमचं का जात होतं?"

"खोटं निदान मी करत नाही," मी उत्तरलो. ते बोलताना मला अभिमान वाटला होता, हेही इथे लिहून ठेवतो.

तो बडनेऱ्याच्या दिशेने पायी निघाला. मग गाडी भाऊसाहेबांच्या हवाली करावी म्हणून मी हँडल मारले. इंजिन चालू झाले — आवाज नाही. तासभर चालवले, चढावर ओढले, दांडा लावला. काही नाही.

"पाह्यलं?" भाऊसाहेब हसले. "माणूस गेला, आवाज गेला."

माणसाचा आणि ठोक्याचा असा संबंध कुठल्याही यंत्रात नसतो, हे मी त्यांना परोपरीने सांगितले. पण गोष्ट माझ्या खुलाशाआधी अकोल्यात पोचली. शेषराव बसला की इंजिन ठोकते, असे लोक थट्टेने म्हणू लागले आणि पुढे त्याला कोणी गाडी दिली नाही. मी दोघा-तिघा गाडीमालकांना पत्रे लिहिली. उपयोग झाला नाही.

आता वाद घालण्याचे त्राण उरलेले नाही. तो ठोका कशाचा होता, ते मला आजही माहीत नाही. शेषरावने तेल भरले होते, एवढे माहीत आहे.