निम्मी डिस्क माझी

स्टुडिओचा धंदा असा आहे बघा, की लोक फोटो घेऊन जातात आणि किस्से आमच्याकडं टाकून जातात. फोटोला डिस्क लागते, किश्शाला काही लागत नाही. म्हणून ते साचतच राहतात. मी शाळा लवकर सोडली, लिहायचं म्हटलं की हाताला घाम फुटतो. तरी आमच्या कडेगावच्या दुकानातले चार-दोन सांगतोच. न सांगून करू काय? माझा भाऊ चौकात बसून वेगळेच सांगतो आणि लोक त्याचंच खरं मानतात!

भाऊ म्हणजे दिनकर. माझ्याहून धाकटा. फौजेतनं रिटायर होऊन आला आणि सगळ्या गावाचा ‘फौजी’ झाला. स्टुडिओ काढला मी. रोल धुऊन धुऊन बोटं पिवळी झाली माझी. हा मिशीला पीळ देत आला, आणि महिना सरायच्या आत गिऱ्हाईक दारातनं विचारायला लागलं, "फौजी हायत का?"

आणि मी काय खुंटीवर टांगलेला असतो?

* * *

कॉम्प्युटर त्यानं आणला. चालवायला पगारावर सुनंदा ठेवली. म्हसवडकडची लेक, कडेगावची सून, जिभेला धार. गावोगावच्या पेनड्राइव्हमधनं व्हायरस येतात म्हणून तिनं त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं. मी म्हटलं, काय घालायचं ते घाल, पण डिस्कची वाटणी कर. निम्मी माझी, निम्मी त्याची. ह्यालाच पार्टिशन म्हणतात, हे मला तवा कळलं.

"मधोमध कर. त्येच्याकडं बोटभर जास्त गेली तर बघ!"

"आवं आबा, हा काय ऊस हाय व्हय, सरी मोजून द्यायला?"

स्क्रीनवर दोन पट्ट्या आल्या. एकीवर ‘आबा’, दुसरीवर ‘फौजी’. माल भरंल तशी पट्टी निळी होणार. मी खिशातनं सुतळी काढली आणि स्क्रीनला लावून दोन्ही मोजल्या. सारख्या निघाल्या. तरी त्याची मला लांबच वाटली!

तिथंच सांगून टाकलं, "माझी बाजू भरली आन् ह्येची मोकळी दिसली, तर त्याच दिवशी दुकान वेगळं! समोरचा गाळा रिकामाच हाय."

फौजी म्हणाला, "जी आबा."

बघा! भांडायलासुद्धा येत नाही माणूस.

* * *

एक दिवस बघतो तर माझ्या बाजूला ‘गाणी’ नावाचं फोल्डर! लग्नाच्या व्हिडिओला लावायची सनई, ढोल, हळदीची गाणी. सगळी फौजीनं गोळा केलेली. त्याच्या बाजूला उघडलं, तर तिथंही तीच. मी उठलोच.

"माझ्या घरात ह्येचं सामान कुणी ठेवलं?"

सुनंदा म्हणाली, "आबा, सामान त्येंच्याकडंच हाय. मी तुमच्या बाजूनं नुसती खिडकी पाडलीय. बाइंड माउंट म्हणत्यात त्येला. दिसतं दोन्हीकडं, जागा खातं एकीकडंच."

"दिसतंय म्हंजे हाय!"

"टीव्हीत क्रिकेटचं मैदान दिसतं, म्हणून तुमच्या सोप्यात गवत उगवतंय का?"

फौजी मिशीत हसला. ते हसू मला लय लागलं.

* * *

म्हणून दोघं जेवायला गेल्यावर मी माझ्या बाजूची ‘गाणी’ डिलीट केली. कचराकुंडीसकट साफ! ज्याची खिडकी त्यानं बंद केली, त्यात काय?

दुपारी वांगीकडनं नवरीकडची मंडळी व्हिडिओ बघायला आली. सुनंदानं लावला. गाणी अजून त्यात पक्की केली नव्हती, त्या फोल्डरमधनंच वाजायची. नवरी मांडवात निघाली, करवल्या नाचत पुढं, आणि आवाज शून्य! सनई नाही, ढोल नाही. नवरीची आत्या थोडा वेळ बघत बसली आणि म्हणाली, "आगं बया, ही लग्नाला निघालीय का मयताला?"

खिडकीतनं हात घालून मी त्याच्या घरातलं सामान फेकलं होतं. गाणी दोन्हीकडनं गेली. बरं, माझी पट्टी तरी मोकळी व्हावी की नाही? केसभर हलली नाही. मोकळी झाली फौजीची!

तो वाकून स्क्रीन बघत म्हणाला, "आबा, माझी जागा साफ केलीत. थँक्यू."

चिडलो मी, आणि फायदा त्याला! गाणी त्यानं कुठल्याशा पेनड्राइव्हमधनं परत आणली. सामान जपून ठेवायचं हे त्याला फौजेनं शिकवलं म्हणे. मला कोण शिकवणार?

* * *

मग मी त्याचा माल मोजायचं ठरवलं. सगळी फोल्डरं एकेक करून उघडायची, आकडा बघायचा आणि कॅल्क्युलेटरवर बेरीज मारायची. माझी बाजू झाली, त्याची झाली. बेरीज बघतो तर डिस्क सांगते त्यापेक्षा जास्त माल! म्हटलं, सापडला चोर. ह्यानं कुठंतरी जास्तीची जागा दाबलीय.

पासपोर्ट फोटोसाठी म्हसवडकडचा एक धनगर बाकावर बसला होता. त्यानं विचारलं, "आबा, त्ये गाण्यांचं गठुळं दोन्ही बाजूंना धरलं का वो?"

"धरलं की. दोन्हीकडं दिसतंय."

"वाड्याला दोन दारं असली आन् दोन्ही दारात उभं राहून मोजलं, की मेंढरं वाढत्यात. माझा मेव्हणा आसंच मोजतो. लय श्रीमंत हाय त्यो!"

दुकानभर हशा. फौजी हसला नाही, त्यानं धनगराला चहा मागवला. आता चहा मी मागवला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही, तिथंही हाच पुढं!

* * *

एका लग्नसराईत माझी पट्टी कडेपर्यंत निळी झाली. मी काही टाकत नाही. ज्या लग्नातली सून नांदली नाही, त्याचेसुद्धा फोटो माझ्याकडं आहेत. फौजीची पट्टी पाऊण मोकळी.

मी जाऊन समोरच्या गाळ्याची किल्ली आणली आणि त्याच्या टेबलावर आपटली. "मी बोललो हुतो. आता दुकान वेगळं!"

त्यानं किल्लीकडं बघितलं, सुनंदाकडं बघितलं. "आबा, उद्या सकाळपतुर थांबा."

सकाळी बघतो तर माझी पट्टी निम्मी कोरी! एकही लग्न गेलं नव्हतं. फोल्डर जागच्या जागी.

"काय केलंस गं?"

"साफसफाई केली," सुनंदा म्हणाली, पण माझ्याकडं न बघता.

मला काय, जागा झाली. त्या दिवसापासून येईल त्याला पट्टी दाखवायचो. "बघा, भरपूर काम करून निम्मं घर मोकळं. शिस्त लागती!" फौजीची पट्टी मात्र एकदम फुगलेली. तेही दाखवायचो. किल्ली तेवढी खिशातच ठेवली. ह्याचा काय भरवसा?

* * *

कोयनेकडं जमीन हलली की आमच्याकडं भांडी वाजतात आणि लाइट जाते. तसंच झालं. लाइट आली, कॉम्प्युटर चालू केला, माझं ‘लग्नं’ फोल्डर उघडलं. आत काहीच नाही! मी बोंबललो, "माझी लग्नं बुडाली! कोयनेनं गिळली!" चहावाला धावत आला, शेजारचा टेलर कात्री घेऊन आला.

फौजी आत आला, सुनंदाला हळूच म्हणाला, "ती परत जोड." तिनं एक ओळ टाइप केली आणि सगळ्या नवऱ्या जागेवर!

टेलर म्हणाला, "फौजींच्या नुसत्या शब्दानं झालं बघा."

माझ्या बोंबलण्याचं काहीच नाही. मशीनसुद्धा त्याचंच ऐकतं!

* * *

आणि हा परवाचा.

फौजीच्या पलटणीतल्या दोस्ताच्या लेकीचं लग्न, इथंच कार्यालयात. हळदीचं शूटिंग करून आला, कार्ड लावलं, तर त्याच्या बाजूला जागा फुल्ल! तो खुर्चीत बसून राहिला. मग त्यानं ‘बर्फ’ नावाचं फोल्डर उघडलं. सगळी फौजेतली वर्षं. तंबू, बर्फ, पांढऱ्या भुवयांची पोरं. त्यातला एक फोटो तो लय वेळ बघत होता. मग सगळं फोल्डर उचललं आणि कचराकुंडीत टाकलं.

मी मागं उभा. सोडतो होय! "आरं, जागा पुरवून वापरायला शिस्त लागती. माझ्याकडं बघ!"

"व्हय आबा. तुमची शिस्तच येगळी." आणि कार्ड तिथंच ठेवून तो अक्षतांना निघून गेला. कचराकुंडी रिकामी करायची म्हणजे एक बटण, तेवढं त्यानं आल्यावर करायचं ठेवलं.

मी त्याच्या खुर्चीत बसलो. म्हटलं, बघू तरी, ह्यानं एवढं काय भरलंय. सगळ्यात मोठं फोल्डर उघडलं. नाव ‘आबा’. आत माझी लग्नं! नांदली नाही त्या सुनेसकट!

"सुनंदा! चोर हाय ह्यो! माझ्या सगळ्या कामाची कॉपी करून बसलाय. थांब, डिलीटच करतो!"

ती चहाचा कप टाकून धावली. "आबा, हात काढा! कॉपी न्हाई ती. माल हितंच हाय. तुमच्या बाजूला हाय ती खिडकी! लाइट गेल्यावर सुटली हुती ती हीच."

"कवापासनं?"

"तुमी किल्ली आपटली तवापासनं."

"कुणी सांगितलं?"

तिनं दाराकडं बघितलं. दारात फौजीची जुनी टोपी खुंटीला टांगलेली होती.

मी माउसवरचा हात काढला. मग म्हटलं, "त्या कचराकुंडीतला बर्फ काढता येतो का?"

"येतो की."

"काढ. माझ्या बाजूला टाक. आन् त्याच्याकडनं तशीच खिडकी पाड. त्याला सांगितलंस तर बघ!"

संध्याकाळी फौजी आला. खुर्चीत बसला, पट्टी बघितली, कचराकुंडी बघितली. मग ‘बर्फ’ उघडलं आणि बघतच राहिला.

"आबा, ह्ये हितंच हाय. मग जागा कशी झाली?"

मी समोरच्या गाळ्याच्या मालकाला किल्ली द्यायला निघालो होतो. दारातनंच म्हटलं,

"साफसफाई केली आसंल सुनंदानं. तुला तर शिस्त न्हाईच!"