ओल्या मातीत वॉरंटी नाही

आमच्या क्लबात सापडत फारसं काही नाही, त्यामुळे सांगण्यासारखं मात्र खूप साठतं. रविवारी सकाळी चार माणसं चिखलात वाकून उभी असतात. दुपारी तीच चार माणसं गाडीच्या उघड्या डिकीपाशी थरमॉसमधला चहा पीत असतात. मधल्या वेळात जे घडतं ते मी घरी येऊन निनादला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगते. तो हसतो. मग मी हसत नाहीये हे त्याच्या लक्षात येतं आणि तोही थांबतो.

क्लब मेटल डिटेक्टिंगचा, म्हणजे यंत्राने मातीतला धातू शोधणाऱ्यांचा. मी त्यात कशी, हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. (तसं ते आहेच.)

ऑक्टोबरात आम्ही इंग्लंडात, लेस्टरबाहेरच्या एका शेतावर पंपकिन पिकिंगला, म्हणजे भोपळे तोडायला, गेलो होतो. इथे मूल झालं की त्याला ढकलगाडीत, भोपळ्यांच्या मधोमध बसवून फोटो काढावाच लागतो. आमची ओवी वर्षाची होती. चिखलात तिचे बूट काढले, वेलीज, म्हणजे चिखलातले रबरी बूट, घातल्या, त्या तिने फेकल्या, मी पुन्हा घातल्या. घरी येऊन बघते तर एका पायातला वाळा नाही. साधा चांदीचा, एक घुंगरू असलेला. अकोल्याला माझ्या आईने स्वतःचे पैंजण मोडून सोनाराकडून ती जोडी घडवून घेतली होती. आई डायलिसिसवर आहे. ती इकडे येणं आता शक्य नाही, आणि व्हिसाच्या भानगडीत मी कधी जाईन ते मलाच माहीत नाही.

शेतकऱ्याला फोन केला. तो म्हणाला, भोपळे संपले की शेत वसंत ऋतूपर्यंत पडून असतं, मग ट्रॅक्टर फिरेल. तोवर डिटेक्टिंगवाले येतात, त्यांना विचार. मी विचारायला गेले ती त्यांच्यातलीच झाले.

*

क्लबात दुसरं मराठी माणूस म्हणजे रानडे काका. लेस्टरमध्ये आयुष्यभर हाडांची ऑपरेशनं करून रिटायर झाले आणि आता माती उकरतात. त्यांनी मला त्यांचं जुनं डिटेक्टर दिलं आणि गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून वॉर्डात समजावतात तसं समजावलं.

"हे मोठं यंत्र म्हणजे एक्स-रे. इथे कुठेतरी आहे, एवढंच सांगणार. खड्डा खणलास की पुढचं काम पिनपॉइंटरचं. गाजराएवढी कांडी असते. मातीत खुपसायची. धातूच्या जवळ गेली की ओरडते. ती नसेल तर या चिखलात तुझा वाळा हातात येऊनसुद्धा ढेकूळ म्हणून फेकून देशील."

"माझा घेऊन जा," असंही म्हणाले.

"नको काका, माझ्याकडून हरवला तर?"

"अगं, हरवलेलं शोधायचंच यंत्र आहे ते."

तरी घेतला नाही. मी कुणाची छत्री घेतली तर ती परत करेपर्यंत पाऊस पडू नये असं वाटणारी बाई आहे. स्वतःचा घ्यायचा ठरवला. स्वस्तातला.

*

निनाद सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एखादी वस्तू चालते यावर त्याचा मुळातच विश्वास नसतो. त्याने ब्रेकफास्टला लॅपटॉप उघडला आणि फक्त एक-स्टारवाले रिव्ह्यू वाचायला घेतले.

"पहिल्या पावसात बंद पडला. पहिल्या पावसात बंद पडला. हा म्हणतो, पावसाच्या आधीच बंद पडला."

"पण याला दोन वर्षांची वॉरंटी आहे," मी म्हटलं.

"वॉरंटी म्हणजे गुणवत्ता नव्हे. वॉरंटी म्हणजे काय काय मोडणार आहे ते कंपनीला आधीच माहीत असणं."

मग त्याने वॉरंटीतली बारीक अक्षरं वाचली. वर मोठ्या अक्षरांत वॉटरप्रूफ लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं, ओल्या मातीत वापरल्याने झालेलं नुकसान धरलं जाणार नाही.

"म्हणजे तो बुडवता येतो," निनाद म्हणाला, "फक्त ओला करायचा नाही."

नावाजलेला पिनपॉइंटर घ्यायचा तर ओवीच्या नर्सरीच्या पैशांकडे बघावं लागलं असतं. मी स्वस्तातला मागवला. त्याच्यात लिथियमची बॅटरी आहे हे तो आल्यावर कळलं. तेव्हापासून मी तो किचनच्या कोरड्या सिंकमध्ये ठेवून चार्ज करते आणि समोर उभी राहते. पेट घेतलाच तर नळ जवळ हवा. वीज आणि पाणी एकत्र आणायचं नसतं हे मला कळतं. पण भीतीला इतकं शास्त्र कुठे कळतं?

*

क्लबातले उरलेले दोघे, डेरेक आणि शीला. डेरेक पूर्वी बस चालवायचा. लेस्टरच्या जुन्या माणसांसारखा तो सगळ्यांना लाडाने 'डक', म्हणजे बदक, म्हणतो, मलाही, काकांनाही. शीला त्याची बायको. डिटेक्टिंग तिला आवडत नाही, पण नवऱ्याला एकटं सोडणं त्याहून आवडत नाही.

माझी नवी कांडी बघून डेरेकने गाडीतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. उघडला. आत पिनपॉइंटरच पिनपॉइंटर. काळे, केशरी, एक हिरवा. सगळे मेलेले.

"सगळ्यांना वॉरंटी होती, डक," तो म्हणाला.

"मग परत का नाही पाठवले?"

"याची दोन वर्षांची होती. कंपनीच आठ महिने जगली." त्याने हिरवा उचलला. "याला लाइफटाइम वॉरंटी. कुणाचा लाइफटाइम ते लिहिलेलं नाही."

शीला घडीच्या खुर्चीतून म्हणाली, "दर वेळी म्हणतो, यंदा चांगला घेतो. त्या डब्याच्या पैशात दोन चांगले आले असते. मी एकच नवरा घेतला, तोही तपासून न बघता. चाललाय अजून."

"आवाज येतो फक्त," डेरेक म्हणाला.

*

पहिलं यंत्र माझ्या सासूबाईंमुळे गेलं. साताऱ्याहून त्यांचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा ते टेबलावर होतं.

"नवीन मशीन? आणि हळदकुंकू नाही लावलंस?"

"अहो आई, ते मातीत घालायचं असतं."

"मातीत घालायच्या गोष्टीला तर आधी लावतात."

माझी नास्तिकता ओवीच्या जन्मानंतर पातळ झालेली आहे. वाळा सापडायचा असेल तर मी कशालाही काहीही लावलं असतं. बोट ओलं करून हळद लावली, कुंकू लावलं. नेमकं स्पीकरच्या भोकांवर. पुढच्या रविवारी यंत्राचा आवाज ताप आलेल्या मुलासारखा कण्हत यायला लागला, दुपारपर्यंत बंद. परत पाठवलं. विक्रेत्याचं उत्तर फोटोसकट आलं: आत गंज आढळला आहे, यंत्र ओलाव्यात वापरलेलं दिसतं, वॉरंटी लागू नाही. फोटोत माझं कुंकू.

निनादने कळवलं की हा गंज नाही, ही पूजा आहे.

त्यावर उत्तर आलं की धार्मिक वापराचा वॉरंटीत समावेश नाही.

हे ऐकून शीला पहिल्यांदा खुर्चीतून उठली. तिने विक्रेत्याला फोन लावला आणि इतक्या शांत आवाजात इतका वेळ बोलली की आम्हालाच अपराधी वाटायला लागलं. आठवड्याने बदली यंत्र आलं.

मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. मग आता या दुसऱ्याला नीट लाव."

*

दुसरं यंत्र कशावरही ओरडायचं. कोकच्या डब्यांच्या रिंगा, चॉकलेटची चांदी, कुजलेल्या भोपळ्यांखालची तार. एकदा मी गुडघ्यांवर बसून चाचपत होते. वास असा की श्वास तोंडाने घ्यायचा. यंत्र ओरडायला लागलं ते थांबेना. खड्ड्यात काही नाही. उजवीकडे नेलं की जोरात, डावीकडे नेलं की गप्प. उजवीकडे डेरेक टेकून बसला होता, मला मदत करायला.

"पुन्हा बिघडलं," मी म्हटलं. मला रडूच आलं. "हेही परत पाठवावं लागणार."

रानडे काका आले. त्यांनी माझ्या हातातलं यंत्र घेतलं, माझ्याकडे नाही, डेरेककडे बघितलं, आणि त्याच्या पॅन्टवरून गुडघ्याला लावलं. यंत्र किंचाळलं.

"यंत्र ठणठणीत आहे," काका म्हणाले. "हा गुडघा मी बसवलाय."

डेरेकने गुडघ्याकडे बघितलं. "वॉरंटी किती आहे, डॉक?"

"जपून वापर म्हणून सांगितलं होतं मी तुला. ओल्या मातीत गुडघे टेकायचे नाहीत."

*

हा किस्सा नाही, पण मधेच येतो म्हणून सांगते.

आईचा कॉल एक दिवसाआड येतो, डायलिसिस नसेल त्या दिवशी. ती ओवीचा चेहरा बघते, मग म्हणते, "पाय दाखव गं तिचे." ओवीच्या पायात टाइट्स असतात, नसतील तर मी फोन हातात घ्यायच्या आधी चढवते.

"थंडी आहे ना, आई."

"नेहमीच थंडी? तिकडे पोरांना पाय असतात की नाही?"

उरलेला एक वाळा मी कपाटात ठेवलाय. एकाच पायात घातला तर दुसरा पाय जास्त दिसतो. आईला खरं सांगायचं मी रोज ठरवते. निनादही म्हणतो, सांग, त्यांना काही वाटणार नाही. तिला काही वाटणार नाही, हे मलाही माहीत आहे. "जाऊ दे गं, चांदीच होती," असंच म्हणेल. ते ऐकायला नको म्हणून तर शोधतेय.

*

मार्चच्या शेवटी शेतकऱ्याचा मेसेज आला. सोमवारी ट्रॅक्टर.

रविवारी चौघेही आलो. पाऊस बारीक, न थांबणारा. शेतातले भोपळे आता भोपळे राहिले नव्हते, नारिंगी डाग फक्त. गेटपासून ढकलगाडीच्या जागेपर्यंत दोऱ्या बांधून आम्ही पट्टे पाडले होते, त्यातले दोनच राहिले होते. बाकी सगळं हिवाळाभर पालथं घालून झालं होतं. माझी कांडी मी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळली होती, कारण ओल्या मातीत वॉरंटी नाही.

शेवटून दुसऱ्या पट्ट्यात काका पुढे होते. ते थांबले. "इथे जरा बघ गं," म्हणाले, आणि चष्मा पुसायला पाठ करून उभे राहिले.

मोठ्या यंत्राने सिग्नल दिला. मी खणलं. माती आधीच भुसभुशीत होती. कांडी खुपसली आणि ती अशी ओरडली की शीला खुर्चीतून उठून आली. बोटाला काहीतरी गोल लागलं.

वाळा. चांदीचा, घुंगरांचा. घुंगरं तीन. आणि लखलखीत. पाच महिने इंग्लंडच्या चिखलात पडलेली चांदी काळी पडते, हे मला काकांनीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं. कडीत पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा अडकला होता, दुकानात किमतीची चिठ्ठी बांधतात तसला.

काकांचा चष्मा अजून पुसून होत नव्हता.

"सापडला?" त्यांनी न वळता विचारलं.

"सापडला, काका," मी म्हटलं. "हाच."

शीलाने मला मिठी मारली. ती खरंच रडत होती. तिला काही माहीत नव्हतं असं मला तरी वाटतं. डेरेक मात्र शेवटच्या पट्ट्यात उभा होता तिथून हलला नाही. त्याने काकांकडे बघितलं. काकांनी त्याच्याकडे बघितलं. दोघांचेही चेहरे एकदम उतरले.

"अं, डक," डेरेक म्हणाला, "यंत्र चालूच आहे, तर इथेही एकदा फिरव."

"अरे, सापडला की तिला," शीला म्हणाली.

"तरी पण. राहिलेला पट्टा आहे."

मी गेले. त्याच्या बुटाशेजारी खणलं. इथेही माती भुसभुशीत. कांडी पुन्हा ओरडली, तितकीच जोरात. मी हात घातला आणि काढलं ते जाड, गोल, गुळगुळीत चांदीचं कडं होतं. चर्चमध्ये बाळाचं नाव ठेवताना इथली माणसं त्याच्या मनगटात घालतात ते. त्यावर एक टेडी बेअर कोरलेला होता.

पाऊस पडत होता. काका दूर कुंपणाकडे बघत होते.

"हाच ना?" डेरेकने विचारलं.

मी टेडीच्या तोंडावरची माती अंगठ्याने पुसली.

"हो," मी म्हटलं. "हासुद्धा."