शूटिंगवालीची बातमी

झरीत आणि तलासरीच्या बाजारात हल्ली सर्रास सांगतात, भूकंपाने योगिताला नोकरी लागली. मूर्खपणा आहे. भूकंप सगळ्यांना झाला, नोकरी एकीलाच लागली. मी तिथे होते, म्हणून काय झालं ते एकदा लिहून टाकते.

योगिता वरठा २०१४ मध्ये माझ्या डहाणूजवळच्या नरपडच्या घराच्या मागच्या खोलीत राहायला आली. झरीची वारल्यांची पोर, आश्रमशाळेत बारावी झालेली, पुढे बीए करायचं होतं. बाप सुक्या आणि आई काळी दोघेही दुसऱ्यांच्या चिकूच्या वाड्यांमध्ये मजुरीला जाणारे. मी बोर्डीला शाळेत तीस वर्षं शिकवलेलं, त्यामुळे आजूबाजूची सगळी पोरं मला बाईच म्हणतात. तीही म्हणू लागली. अभ्यासात बरी होती, फार हुशार वगैरे नव्हती. उगीच खोटं कशाला लिहा?

कॉलेज सकाळचं. दुपारी ती माझ्या भाच्याच्या, जतीनच्या, फोटो स्टुडिओत काम करायची. आधी पासपोर्ट फोटो कापणं, मग लग्नात दिव्याचा स्टँड धरून उभं राहणं. एकदा एका हळदीत बायकांनी जतीनला आत येऊ दिलं नाही, तेव्हा त्याने कॅमेरा हिच्या हातात दिला आणि स्वतः मांडवाबाहेर चहा पीत बसला. त्या दिवसापासून बायकांच्या बाजूचं सगळं शूटिंग हिचं. बीए होईपर्यंत ती एकटीच लग्नं घेऊ लागली होती, किनाऱ्यावरच्या वाडीवाल्यांची, बाजारातल्या गुजरात्यांची आणि जंगलपट्टीतल्या पाड्यांवरची. पाड्यापाड्यात तिचं नाव पडलं, शूटिंगवाली.

लग्नाच्या शूटिंगचा आमच्याकडे एकच कायदा. आलेला प्रत्येक माणूस दिसला पाहिजे. कोणाची आत्या दिसली नाही तर पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, वर्षभर तोंड फिरवते. त्यामुळे योगिताला एक सवय लागली. ती कॅमेरा घेऊन धावायची नाही. माणसाजवळ जाऊन उभी राहायची, ते लाजणं, पदर सावरणं, दात दाखवणं संपेपर्यंत थांबायची, आणि मग माणूस जसा असतो तसा दिसायला लागायचा.

बातम्यांचं वेड मात्र टीव्ही बघताना लागलं. एका संध्याकाळी आम्ही दोघी जेवत होतो. आपल्या जिल्ह्यातल्या कुपोषणाची बातमी लागली आणि पडद्यावर तारपा वाजवत नाचणारी माणसं. पुढच्या महिन्यात धरणाच्या पाण्याची बातमी, तीच माणसं, तोच नाच. मग रस्ता वाहून गेल्याची बातमी, तिथेही नाच.

ती म्हणाली, “बाई, आम्ही मेलो तरी हे नाचच दाखवतील. हे काढतं कोण?”

“कोणीतरी पगारी माणूस.”

“मग मीच काढते. मला ती नोकरी पाहिजे.”

एवढं सरळ. मला आवडलं.

आता अशा नोकरीची वाट कशी असते ते सांगते. मुंबईतल्या एका चॅनेलने तिला बोलावलं. हिने नमुना म्हणून स्वतः एडिट केलेलं एक लग्न नेलं. त्यात वधू आली की चहूकडून गुलाब उडतात, वर हसला की बदामाच्या आकारात गोठतो. तिथल्या दोन पोरांनी खुर्चीवरून पडेपर्यंत हसून घेतलं. मोठे साहेब हसले नाहीत, पण म्हणाले, “मुलींना कॅमेरा जड जातो. रिपोर्टर का होत नाही?”

घरी आल्यावर मी झापलीच. “गुलाब कशाला नेलेस तिथे?”

“पार्टीला आवडतात ना.”

“तो साहेब पार्टी आहे का?”

ती रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर बातम्या उतरवून घ्यायला लागली, आणि एकेक शॉट कुठे सुरू होतो, कुठे तुटतो, ते बघत बसायची. जतीन माझ्याकडे तक्रार घेऊन आला, “आत्या, हिला सांग, गिऱ्हाईकाची सीडी बाकी आहे आणि ही पुराच्या बातम्या कापतेय.” मी म्हटलं, “तूच सांग, मालक तू आहेस.” त्यानंतर आणखी दोन चॅनेलांनी तिला परत पाठवलं. अनुभव आणा, म्हणे. अनुभव काय बाजारात मिळतो?

मग आलं २०१९. तलासरी आणि डहाणूच्या त्या पट्ट्यात जमीन आधीच महिनोन् महिने हलत होती. जानेवारी-फेब्रुवारीत धक्के वाढले. लोक घरात झोपेनात. अंगणात तंबू, ताडपत्र्या. सगळ्या चॅनेलांच्या गाड्या आल्या. एका चॅनेलची रिपोर्टर रिया डहाणूत उतरली होती, आणि नेमकं तिच्या कॅमेरामनला कुठल्याशा पुढाऱ्याच्या सभेसाठी गाडीसकट मुंबईला परत बोलावलं. तिच्याकडे ना कॅमेरा, ना गाडी. तिने स्टेशनजवळ पाटी बघून जतीनला गाठलं. तो दुसऱ्या कामात अडकलेला, त्याने योगिताला पाठवलं. योगिताने मला फोन केला, “बाई, तुमची गाडी पाहिजे, आणि तुम्हीपण.” मी अजून गाडी चालवते. निघालो.

वाटेत रिया म्हणाली, “आज हे नीट झालं तर मी आमच्या डेस्कला तुझ्याबद्दल सांगेन. पालघरला जागा भरायची आहे.”

मागच्या सीटवर कॅमेरा मांडीवर घेऊन बसलेल्या योगिताने पाडा येईपर्यंत लेन्स तीनदा पुसली.

योगिताने नेलं ते तिच्या भिकी मावशीच्या पाड्यावर, झरीच्या जवळच. गाडी थांबली, आणि मुलांनी बोंब ठोकली, “शूटिंगवाली आली!” झालं. बायका तंबूत शिरल्या त्या नवीन लुगडी नेसूनच बाहेर. केसांत फुलं. पुरुषांनी धुतलेले शर्ट चढवले. एका म्हाताऱ्याने डोक्याला पाणी लावून भांग काढला. मग सगळे ताडपत्रीपुढे ओळीने उभे, लग्नाच्या ग्रुप फोटोसारखे, पोरं पुढे, उंच मागे. हाताची घडीसुद्धा.

रिया बघतच राहिली. “हे काय? हे भूकंपग्रस्त आहेत?”

मला हसू आवरेना. त्यांच्या मते कॅमेरा आला म्हणजे नटायचं, आणि योगिता आजवर लग्नाशिवाय दुसऱ्या कशाला आलीच नव्हती.

रिया योगिताला बाजूला घेऊन म्हणाली, “यांना घरातले कपडे घालायला सांग. आणि त्या म्हाताऱ्या बाईला घरासमोर बसव, भिंतीकडे बघत. रडली तर उत्तम. मुंबईला हेच लागतं, माझा इलाज नाही.”

योगिताने कॅमेरा खाली ठेवला. ती नोकरीचा विचार करत होती हे कोणालाही दिसलं असतं. ती म्हातारी बाई म्हणजे भिकी मावशीच; योगिता तिच्यापाशी गेली. “मावशे, ते फूल काढ जरा.”

“का गो? कोण मेलं?” भिकी म्हणाली.

सगळा पाडा फुटला हसून. योगितासुद्धा हसली. परत आली ती मान हलवतच.

“नाही मॅडम. हे मी नाही काढणार.”

“मग काय काढणार? हसणारी माणसं? ही बातमी आहे की साखरपुडा?” रियाचा आवाज चढला. “तुला नोकरी हवी आहे ना?”

“हवी आहे. म्हणूनच नाही काढत. एवढी वर्षं खोटा नाच बघितला, आता खोटं रडणं मी देऊ?”

गेली नोकरी, मी मनात म्हटलं. पण पोरीचं बरोबर होतं.

तेवढ्यात भिकीनेच विचारलं, “तुमचं भांडण झालं असंल तर मी जाऊ का? चौक लिहायचाय.”

नटण्यामागे आणखी एक कारण होतं. भिकीच्या मुलीचं, निलमचं, दुसऱ्या दिवशी लग्न होतं. वारल्यांच्या घरात लग्नाआधी सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. लिहितात म्हणायचं, काढतात नाही. त्या चौकात देवी बसते, तेव्हा लग्न लागतं. आता पंचाईत अशी की माणसं ताडपत्रीखाली आणि भिंत घरात. सरकारी माणसं दोनदा सांगून गेलेली, तडे गेलेल्या घरात जाऊ नका.

रिया म्हणाली, “मग इथेच बाहेर काढा ना, ताडपत्रीवर.”

लग्न लावणारी धवलेरी जिजा तिथेच बसली होती. वारल्यांत लग्न बाई लावते, हे रियाला माहीत नसावं. जिजाने तिच्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. “ताडपत्रीवर कोंबड्या बसतात, बाय. देवी नाय बसत.”

चौघी उठल्या. भिकी, जिजा आणि दोन सुवासिनी. पुढच्या विटांच्या खोलीला तडा होता. मागचं जुनं घर काठ्या-मातीच्या कुडाचं, ते हलतं पण सहजी पडत नाही. तिथे गेल्या. योगिताने कॅमेरा खांद्यावर घेतला आणि त्यांच्यामागून निघाली.

“आत कोणी जायचं नाही!” रिया ओरडली. “काही झालं तर मी काय सांगू?”

मीही ओरडले. योगिता वळून म्हणाली, “त्या जाणारच आहेत, बाई. मी सांगून थांबणार आहेत का?” आणि वाकून दारातून आत गेली. आतल्या बायकांपैकी तिला कोणी अडवलं नाही, कोणी तिच्याकडे बघितलंही नाही. अशा किती चौकांपाशी ती याआधी उभी राहिली होती!

आम्ही बाहेर. आतून जिजाचं गाणं येत होतं. बराच वेळ तसाच गेला. आणि मग जमिनीखालून भरलेला ट्रक जावा तसा आवाज आला. पायाखाली थरथर. भांडी वाजली, कुत्री पळाली, पोरं किंचाळली, रियाने माझा दंड इतका घट्ट धरला की चार दिवस निळा होता. मी दाराकडे धावले. दारातून धूळ आली, आणि धुळीतून पुन्हा जिजाचं गाणं.

थोड्या वेळाने बायका बाहेर आल्या, बोटं पांढरी, केसांत माती. मागून योगिता, तिच्याही केसांत माती. आई काळी तिथे असती तर फटके मिळाले असते. ते काम मी शब्दांनी केलं. तिने ऐकून घेतलं आणि रियासमोर कॅमेऱ्याचा छोटा पडदा धरला.

त्यात भिकीचा हात दिसतो. काडीने पांढरी रेघ ओढतोय. गाणं चालू आहे. मग पिठाची वाटी जमिनीवर थरथरायला लागते. कुडाची माती झरते. गाणं तुटतं. हात भिंतीवरून उचलला जातो, पण खाली येत नाही. तिथेच हवेत थांबतो. वाटी थांबते. जिजा गाणं उचलते, आणि काडी जिथे सुटली होती बरोबर तिथेच टेकून रेघ पुढे जाते. कॅमेरा तसूभर हललेला नाही. जमीन हलली तेवढाच.

रियाने तो शॉट दोनदा बघितला. “सॉरी,” म्हणाली. मग म्हणाली, “चल, आधी हे पाठवू.” मुलगी वाईट नव्हती, घाईत होती.

स्टुडिओत योगिता एडिटला बसली. जतीन मागे उभा. “खाली बासरी टाक जरा, करुण वाटेल.”

“जतीनसर, तुम्ही चहा सांगा.”

तिने दोनच कट दिले. ओळीने उभा असलेला नटलेला पाडाही ठेवला; का नटलेत तेही रियाने बोलताना सांगितलं. पाठवलं. डहाणूचं इंटरनेट, त्यामुळे आम्ही चौघं अपलोडच्या त्या सरकत्या रेघेकडे बघत चहाचे कप रिकामे करत राहिलो. शेवटी रियाचा फोन वाजला. तिने स्पीकरवर टाकला.

“तो हाताचा शॉट कुणाचा?” रियाचा मुंबईचा साहेब.

रियाला तेव्हा काहीही सांगता आलं असतं. ती म्हणाली, “योगिता वरठाचा. एडिटही तिचंच. आणि सर, मी तिला वेगळंच काढायला सांगत होते. तिने ऐकलं नाही.”

“तिला म्हणावं, अधूनमधून असं काही असलं की पाठवत जा. आम्ही नाव देऊ.”

रियाने फोन योगिताच्या हातात दिला. मी डोळ्यांनी सांगत होते, हो म्हण. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

“सर, अधूनमधून नको. पालघरला कॅमेऱ्याची जागा आहे असं ऐकलंय. ती द्या.”

साहेब म्हणाले, “रोज उचलता येईल का कॅमेरा? जड असतो.”

“आजचा कोणी उचलला होता, सर?”

पलीकडे कोणीतरी हसलं. साहेब म्हणाले, “रिया, हिचे कागद उद्या पाठव. आणि ते लग्न उद्याच आहे ना? पुढची बातमी तिचीच. आपल्याकडून जा म्हणावं.”

फोन ठेवल्यावर योगिताने एकच केलं. जतीनच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर उद्याच्या तारखेखाली तिचं नाव लिहिलं होतं, ते खोडलं आणि त्याचं लिहिलं. “निलमचं लग्न तुम्ही काढा, सर. मी बातमीला आहे.”

मी दुसऱ्या दिवशी त्या लग्नाला गेले. अंगणात मांडव, आत भिंतीवर पूर्ण झालेला चौक, दारात जिजा. जतीन घामाघूम, बायकांत शिरायला वाव नाही म्हणून कडेकडेने फिरतोय. योगिता मधोमध, पाय रोवून.

तो वैतागून ओरडला, “योगिता, बाजूला हो! माझ्या फ्रेममध्ये येतेस!”

कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता ती म्हणाली, “नाही सर. तुम्ही माझ्या फ्रेममध्ये येताय.”

आणि माझा भाचा मुकाट्याने बाजूला झाला.