डोंगऱ्यांची अँटेना आणि आमचं चित्र

आमच्या टीव्हीचं चित्र शेजारचे डोंगरे चोरतात, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

पुरावा होता. डोंगऱ्यांनी एप्रिलमध्ये छतावर नवी अँटेना बसवली, तीही आमच्यापेक्षा दोन हात उंच. लहरी आधी त्यांच्याकडे अडणार आणि उरल्यासुरल्या आमच्याकडे येणार, हे मी (कला शाखेचा पदवीधर असूनही) एका नजरेत ओळखलं. मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी अगदी तसंच झालं. टीव्ही लावला तर पडदाभर मुंग्या. डोंगऱ्यांच्या घरातून मात्र बातम्या खणखणीत ऐकू येत होत्या.

वेळ वाईट होती. दुसऱ्या दिवशी क्रिकेटचा सामना होता आणि तो पाहायला सासरे सावनेरहून येणार होते. आमची मुलं महिनाभर त्यांच्याकडेच होती. सासरे कोळशाच्या खाणीत वायरमन होते. मी एकदा त्यांच्या घरी फ्यूज बांधायला गेलो आणि शेजारच्या घराचेही दिवे घालवले. तेव्हापासून ते मला पाण्याचा ग्लाससुद्धा दोन्ही हातांनी धरायला सांगत. या खेपेला तरी त्यांच्यापुढे नाक कापून घ्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

रविवारी सकाळी सातलाच मी छतावर. अँटेना पूर्वेला फिरवली, पश्चिमेला फिरवली. खालून सुलभा, म्हणजे आमची सौ., दर वेळी मुंग्याच आहेत एवढंच कळवायची. शेवटी मी डोंगऱ्यांना गाठलं आणि सामना संपेपर्यंत त्यांची अँटेना उतरवायला सांगितलं.

डोंगरे वयाने मोठे. शांतपणे म्हणाले, "काहून गा भाऊ, माह्या अँटेनानं तुह्यं काय अडून राहिलं?"

मी लहरींचा सिद्धांत समजावला. मग त्यांनी मुकाट्याने स्वतःची अँटेना उतरवली, वर आमच्या अँटेनेचा पाइप धरून उन्हात उभेही राहिले. माणूस इतक्या सहज ऐकतो म्हणजे नक्की काहीतरी दडवतोय, असं मला वाटलं.

मुंग्या काही हटल्या नाहीत. आता सामना दोन्ही घरांत दिसणार नव्हता!

दहाच्या सुमारास सासरे आले. छतावर दोन पुरुष एक पाइप धरून उभे आहेत, हे त्यांनी रस्त्यावरूनच पाहिलं आणि वर यायचं टाळलं. आम्ही खाली उतरलो तेव्हा ते टीव्हीच्या मागे वाकले होते. मेहुण्याने मस्कतहून मुलांसाठी व्हिडिओ गेम आणला होता. तो टीव्हीला जोडायची पत्र्याची डबी मागे कायम लटकलेली असे. तिच्यावरचा खटका एका बाजूला सरकवला की टीव्ही, दुसऱ्या बाजूला गेम. सासऱ्यांनी नखाने खटका सरकवला. टक्. पडद्यावर मैदान उमटलं, पार खेळपट्टीसकट.

"आमच्या खाणीत पयले खटका पाह्यतात जावईबुवा, मंग खांबावर चढतात," सासरे म्हणाले.

डोंगरे घाम पुसत खुर्चीत बसले. त्यांना आपली अँटेना पुन्हा चढवायचा उत्साह नव्हता. पंचही मैदानात आले. आता विषय मिटला, असं समजून मी सुपारी फोडायला घेतली, तर सुलभा कपाटाकडे पाहत होती.

"पोरं महिन्याभरापासून सावनेरले," ती हळूहळू म्हणाली. "गेम मी कपाटात ठेवला. काल दुपारी मी शिवणक्लासले गेली होती. मंग हा खटका सरकवला कोनं?"

काल दुपारी मी अकरा रणगाडे उडवले होते. बाराव्यावर नेम धरला तोच फाटकाची कडी वाजली, आणि गेम कपाटात कोंबायच्या घाईत खटका तसाच राहिला. हे सगळं मला त्या क्षणी लख्ख आठवलं. सुलभा, सासरे आणि डोंगरे, तिघंही सामना सोडून माझ्याकडे पाहत होते.

मी काय करणार? सवयीप्रमाणे डोंगऱ्यांकडे संशयाने पाहिलं.