गोल कडेची चावी

पोलिसातल्या एकतीस वर्षांत लाज वाटावी असे प्रसंग बरेच आले. बाकीचे पचवले. हा एक अजून घशात अडकलाय.

आमच्या ठाण्यासमोरच्या बाजारात एक चावीवाले काका बसायचे. हातभर रुंदीची टपरी, भिंतीवर कोऱ्या चाव्यांच्या माळा आणि वर ठळक पाटी : ‘गाडीचे कागद दाखवल्याशिवाय चावी मिळणार नाही. ओळख सांगू नये.’ आमच्या मोठ्या साहेबांनाही त्यांनी एकदा कागद आणायला परत पाठवलं होतं. तोंड कायम आंबट, पण हातात कसब. चोरीच्या गाडीत बनावट चावी सापडली की मी ती त्यांच्याकडे न्यायचो. ते ती उजेडाकडे धरत, दात्यांवरून अंगठ्याचं नख फिरवत आणि सांगत, “हा स्टँडजवळच्या म्हाताऱ्याचा हात. कानस बोथट झालीय त्याची.” बहुतेकदा बरोबर निघायचं. त्यावर शाबासकी मिळायची मला. काकांना मिळायचा चहा, तोही अर्धा.

त्या वर्षी एका नर्सची स्कूटर दवाखान्याच्या आवारातून गेली. तीन दिवसांनी गावाबाहेर सापडली. पेट्रोल संपलेलं, चावी तशीच लावलेली. नर्सची चावी मात्र तिच्या पर्समध्येच होती. म्हणजे ही दुसरी, हातानं घासलेली. मी ती काकांपुढे ठेवली.

त्यांनी नख फिरवलं. मग चावी खाली ठेवून चष्मा पुसत बसले. “नाही ओळखत हा हात.”

“नीट बघा की, काका.”

“बघितलं.”

मग मीच उचलली. तिची बाहेरची कड गोल घासलेली होती, गुळगुळीत. गिऱ्हाइकाचा खिसा फाटू नये म्हणून काका अशी कड मारत. ही खोड आणखी एकालाच होती. लुकड्याला. नऊ वर्षं काकांच्या हाताखाली शिकून त्यानं नुकतीच पलीकडच्या गल्लीत स्वतःची टपरी टाकली होती.

“लुकड्या का?” मी विचारलं.

काकांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. चेल्याला वाचवायला म्हातारा गप्प बसलाय, असं मी ठरवून मोकळा झालो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! काकांचा संशय मनाला शिवलासुद्धा नाही. डोक्यावर ती पाटी होती ना.

लुकड्याला मी भर बाजारातून कॉलर धरून आणलं. त्याची बायको डबा घेऊन आली होती, तिच्यादेखत. ठाण्यात चावी हातात दिली. त्यानं ती बराच वेळ धरून ठेवली.

“माझी नाही, साहेब.”

“मग कोणाची?”

“माहीत नाही.”

मी एक कानाखाली ठेवून दिली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं, की लुकड्या चोरांना चाव्या करून देतो. लोक ज्याच्या हातात घराचं कुलूप देतात, त्याच्याबद्दल एवढं बोललं गेलं तरी पुरे होतं. टपरी कायमची बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ठाण्यात आले. इस्त्रीचा शर्ट घातलेला. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“ती चावी मी केली,” ते म्हणाले. “गोड बोलणारा माणूस होता. स्कूटर ढकलत आणली होती. म्हणाला, बायकोची गाडी आहे, चावी हरवली, कागद डिकीत आहेत. आता डिकी उघडायची तर चावीच हवी. मी चावी केली, डिकी उघडली, आत कागद होते. बाईचं नाव. मी वाचले, परत ठेवले आणि त्याला सोडलं. कागद बघितले की नाही? बघितले!” ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. “चोरीच्याच गाडीतून चोराची साक्ष काढली मी. काल तुम्ही चावी दाखवलीत आणि माझी जीभच उचलेना. म्हटलं, चाळीस वर्षांची पाटी आहे. आणि तुम्ही लुकड्याचं नाव घेतलंत, तेव्हाही मी गप्प बसलो. हे मी केलं, साहेब. रात्रभर स्वतःला सांगत होतो की तो तरुण आहे, सावरेल.”

मागच्या बाकावरून लुकड्या उठून आला. गालावर माझी बोटं अजून दिसत होती.

“मला कालच कळलं होतं, उस्ताद,” तो म्हणाला. “तुमची कड माझ्यापेक्षा मऊ असते.”

काकांनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शंभरदा दुसऱ्यांना ऐकवली असेल. त्या सकाळी ती माझ्याच ठाण्यात उभी होती.

जबाब झाला. काकांनी सांगितलेल्या वर्णनावरून चोर पुढे सापडलाही. पण काका जबाबावर थांबले नाहीत. “बदनामी बाजारात झाली, तर कबुलीही बाजारातच,” म्हणाले. लुकड्याचं मनगट धरून ते दुकानादुकानासमोर उभे राहिले. भांडीवाला, शिंपी, चप्पलवाला, सगळीकडे तेच वाक्य : “चावी मी केली. यानं नाही. मी गप्प बसलो म्हणून याला नेलं.” म्हाताऱ्याची मान खाली, आवाज मात्र सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. लुकड्या सारखा म्हणत होता, “उस्ताद, पुरे.” ते ऐकत नव्हते.

मी चार पावलं मागे चालत होतो. का, ते मलाही माहीत नव्हतं. माझंही एक वाक्य होतं, ते जिभेच्या टोकाशी घेऊन चालत होतो.

शेवटचं दुकान चहावाल्याचं. त्यानं काकांचं ऐकून घेतलं, लुकड्याच्या गालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मग हवालदारसाहेब, तुम्ही ह्याला मारलं कशाला?”

काका थांबले. लुकड्या थांबला. सगळा बाजार माझ्या तोंडाकडे बघत होता.

“तपास चालू आहे,” मी म्हणालो आणि ठाण्यात परत आलो.