डोर्का अबुया स्वतःच्या घरात गप्प बसली

डोर्का अबुया आमच्या सरोवराच्या किनाऱ्यावरची आरोग्यसेविका. गरोदर बायका हुडकायच्या आणि दवाखान्यात धाडायच्या, हे काम तिनं वीस वर्षं केलं. पोट दिसेपर्यंत दिवस गेल्याचं बोलू नये, नजर लागते, असं आम्ही लुओ जमातीच्या बायका मानतो. डोर्का कुणाला जुमानायची नाही. मी अंगणात ओमेना मासळी वाळत घालत होते, तर कुंपणापासूनच ओरडली, "नाक का मुरडतेस गं? कितवा महिना?"

"हळू बोल बाई, सासू ऐकेल!"

"ऐकू दे. चौथ्यापासून दर महिन्याला नर्ससमोर मलेरिया टाळायच्या तीन गोळ्या गिळायच्या. आणि मच्छरदाणीत झोपायचं, तिच्यावर मासळी नाही वाळवायची, महामाये!"

माझी दोन्ही पोरं धडधाकट आहेत, ती तिच्या त्या तोंडाच्या पट्ट्यामुळेच.

मग तिच्याच सुनेला, अपोंडीला, दिवस गेले. डोर्कानं नुसत्या चालण्यावरून ओळखलं. बाजारातून नवी मच्छरदाणी आणली, मला दाखवली आणि पेटीत ठेवून दिली.

"अगं, दे की तिला," मी म्हटलं.

"मागच्या वेळी तिचं पोट पडलं. आता मी तोंड उघडलं आणि काही झालं, तर सासूचीच नजर लागली म्हणतील. सांगेल ती आपणहून."

सासू-सुनेच्या मध्ये कशाला पडा, म्हणून मीही गप्प बसले. आज त्याची लाज वाटते.

चौथा गेला, पाचवा गेला. पाऊस लागला, डास मातले. सहाव्यात अपोंडी थंडीतापानं थडथडू लागली. मोटारसायकलवर मध्ये बसवून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. मलेरियाच होता. औषधानं ती वाचली, मूल मात्र मेलेलंच जन्मलं.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, तर डोर्का खाटेशी पेजेचा वाडगा धरून बसली होती. अपोंडीनं तो घेतला नाही.

"आई, तुम्ही गावातल्या प्रत्येकीला विचारत होतात. मी रोज वाट बघायचे, आज मला विचाराल. मला वाटलं, माझं मूल तुम्हाला नकोच आहे."

डोर्का वाडग्यातली पेज ढवळत राहिली. शेवटी मीच म्हणाले, "असं नको म्हणू गं. तिसऱ्या महिन्यातच तुझ्यासाठी मच्छरदाणी आणलीय तिनं. पेटीत आहे."

"पेटीत?" अपोंडी म्हणाली, आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.